मालक पुरे म्हणेपर्यंत

मोती सोलता येतो हे ऐकून माणसं हसतात. कांदा सोलतात, लसूण सोलतात, मोती कुठे कोणी सोलतं का? पण सोलतात. म्हणजे सोलायचे. आता हे काम जाणणारी माणसं शोधूनही सापडायची नाहीत. त्यांतले जे एक उरले होते, त्यांना त्यांच्या इमारतीत सगळे पुरेबुवा म्हणत. खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर होतं.

शिंपल्यातला अस्सल मोती एकावर एक पदर चढत मोठा होतो. वरच्या पदरावर डाग पडला, ओरखडा उठला, वर्षानुवर्षांच्या घामाने त्याचं पाणी उतरलं, की सोनार म्हणतात मोती मेला, आणि बाजूला सारतात. बुवांचं म्हणणं, मेलाबिला काही नाही, अंगावरचा कपडा मळलाय. डोळ्याला भिंग लावून, पातळ पात्याच्या चाकूने ते वरचा पदर कणाकणाने उडवत. दैव बरं असेल तर खालून नितळ, पाणीदार मोती निघे. जरा लहान, पण जिवंत. दैव वाईट असेल तर खाली पहिल्यापेक्षा मोठा डाग. मग आणखी एक पदर, आणि त्याच्या खाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून ह्या कामाला एक नियम होता. तो बुवांच्या उस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी, चाकू हातात देण्याआधी सांगितला होता. मालक समोर बसल्याशिवाय मोत्याला चाकू लावायचा नाही. एक पदर उतरला की चाकू खाली ठेवायचा, मोती पुसायचा, मालकाच्या तळहातावर ठेवायचा आणि विचारायचं, ‘पुरे?’ मालक ‘अजून’ म्हणाला तर पुढचा पदर. ‘पुरे’ म्हणाला तर चाकू डबीत. खाली ह्याहून सुंदर पदर आहे अशी आपली पक्की खात्री असली तरी चाकू डबीतच. ‘वाटणं आपलं, मोती त्याचा,’ असं उस्ताद म्हणायचा. आणि मालक काहीच बोलला नाही, तर थांबायचं.

बुवा थांबत. एकदा एक म्हातारी बाई मोती तळहातावर घेऊन सबंध दुपार बसून राहिली होती. ना अजून, ना पुरे. बुवा समोर हात मांडीवर ठेवून बसले. बाहेर ऊन समोरच्या इमारतीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. शेवटी बाई म्हणाली, पुरे. बुवांनी मोती कापसात गुंडाळून दिला आणि तिला जिन्यापर्यंत पोचवून आले. त्या दिवशी दुसरं काहीच काम झालं नाही, पण त्यांना त्या दुपारचा फार अभिमान होता. आलागेला पकडून ते ती गोष्ट सांगत.

‘पुरे?’ विचारून विचारून त्यांचं नावच ते पडलं. नाव ठेवणारा होता त्यांच्या खोलीतला भागीदार, पैलूवाला. तिसऱ्या मजल्यावर दोघांत मिळून एक खोली होती. उत्तरेकडची खिडकी बुवांची, कारण मोत्याला सरळ ऊन चालत नाही. उरलेली खोली पैलूवाल्याची. लाखेच्या काडीवर खडा चिकटवून तो फिरत्या चाकावर धरायचा आणि एकेक पैलू पाडायचा. चाकावर वरून पाण्याची धार टपटपत असायची. जिभेला त्याच्या हाड नव्हतं.

‘बुवा, घरी वहिनी वाढताना विचारत असतील ना, पुरे का म्हणून? मग तुम्ही काय म्हणता, मालकाला विचारून सांगतो?’

बुवा हसत. हसायला पैसे पडत नाहीत, आणि त्या खोलीत हसण्यासारखं दुसरं फारसं काही उरलंही नव्हतं. बाजारात लागवडीचे मोती आले होते. शिंपल्यात बाहेरून गोळा घालतात, शिंपला त्याच्यावर नखाएवढा पातळ थर चढवतो, झाला मोती. त्याला सोलायला गेलं तर पहिल्याच पदराखाली तो गोळा हाताला लागतो. असा एक मोती बुवांनी एकदाच सोलला होता. मालकाने पांढराफटक गोळा बघितला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून बुवा आधी वेजातून, म्हणजे मोत्याला पाडलेल्या भोकातून, आत भिंगाने बघत आणि दहांतले दहा परत पाठवत. वर्षाला दोन-चार जुने मोती यायचे, कोणाच्या तरी आजीच्या कपाटातले. मग तेही यायचे थांबले. बुवा तरी रोज येत, चाकूला धार लावत, खिडकीत बसत आणि दिवे लागायच्या आत घरी जात.

समोरच्या रस्त्यावर दागिने घडवायला शिकवणारी एक शाळा निघाली. पैलूवाला तिथे आठवड्यातून दोनदा शिकवायला जाऊ लागला. एक दिवस तो तिथली पुस्तिका घेऊन आला आणि चाक बंद करून मोठमोठ्याने वाचू लागला. ‘रत्नकामातल्या प्राथमिक संज्ञा. ऐका बुवा, चाळीस वर्षं आपण काय करतोय ते आज कळू दे. पैलू : खड्याची घासून सपाट केलेली बाजू. कोंदण : खडा बसवण्यासाठी केलेलं धातूचं घर. माथा, कंबर, तळ : खड्याचे तीन भाग. डाग : दोन तुकडे जोडण्यासाठी ओतलेला धातू.’

‘सोलणे बघ,’ बुवा म्हणाले.

पैलूवाल्याने पानं पुढेमागे केली. साचा होता, सांडशी होती, सोलणे नव्हतं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो मिनिटभर काही बोलला नाही, आणि हे त्याच्या बाबतीत पुष्कळच झालं. मग म्हणाला, ‘नवी छापणार आहेत. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, मी घालायला लावतो.’

दोन ओळी लिहायला बुवांना चार दिवस लागले. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, ‘सोलणे : मोत्याचा वरचा खराब पदर मालकाच्या परवानगीने काढणे.’ पैलूवाला म्हणाला, मालकाच्या परवानगीने हे काढा, ते कामात येत नाही, ती रीत झाली. बुवा म्हणाले, तेच काम आहे, बाकी चाकू कोणीही चालवतो. दोघांची बरीच जुंपली. शेवटी चिठ्ठी बुवांच्या खिशातच राहिली.

आता नियमाचा एवढा पुळका असलेल्या ह्या माणसाने आयुष्यात एक मोती घालवला होता, आणि तो नेमका घरचाच. लग्न झालं तेव्हा बायकोच्या बोटात तिच्या आईची अंगठी होती. वर मटाराएवढा एकच मोती, त्याच्या एका अंगाला कातडीवरच्या तिळासारखा ठिपका. नव्या नवऱ्याने मोठ्या ऐटीत अंगठी मागून घेतली. मोती खिळ्यावरून काढून, घरात खिडकीशी बसून सोलायला घेतला. पहिला पदर, दुसरा, तिसरा. ठिपका सरळ आत गेलेला होता. बुवा त्याच्या मागे मागे गेले. दिवस मावळला तेव्हा मोती मोहरीएवढा झाला होता आणि ठिपका होता तिथेच. मग मोहरीही फुटली.

ही गोष्ट बुवा स्वतःवरच हसत सांगायचे. ‘मालकीण समोर होती, नियम मोडला नाही,’ असं म्हणायचे. ‘मी विचारलं, काय करू? तर म्हणते कशी, तुम्हाला कळतं त्यात. मालकानेच असं सोडल्यावर सोलणाऱ्याने काय करायचं?’ ऐकणारे हसायचे. बायको जवळ असली तर उठून आत जायची. चहा टाकायला जाते असं बुवांना वाटायचं. ती अंगठी मात्र तिने कधी काढली नाही. मोती ज्याच्यावर बसतो तो बारीकसा खिळा वर तसाच उघडा होता. तो साडीत अडकायचा, केसात अडकायचा, आणि ती न बोलता सोडवून घ्यायची. बुवांनी एकदा म्हटलं होतं, दुसरा बसवून आणतो. ती म्हणाली होती, राहू द्या. मूलबाळ झालं नाही. दोघंच होती, दोघांचं ठीक चाललं होतं, असं बुवा धरून चालले होते.

तिला साखरेचा आजार होऊन बारा वर्षं झाली होती. तळव्यांना फारसं काही कळायचं नाही. बुवा त्यावरही विनोद करायचे, की बायकोच्या पायाखाली निखारा ठेवला तरी ती विचारेल, कोणी दिवा लावला का?

एके सकाळी तिने मोज्यावरचा डाग दाखवला. बुवांनी तिचा पाय मांडीवर घेतला, भिंग लावलं आणि अंगठ्याच्या खालच्या फुगीर भागातून चिमट्याने काहीतरी उपसून काढलं. तांदळाच्या दाण्याएवढी कपची होती. पुसून उजेडात धरली, तर तांबूस रंग चमकला. गोमेद. पैलूवाला गेले पंधरा दिवस गोमेदाचेच खडे घासत होता. खडा तोडताना कपच्या उडतात, म्हणून निघताना कपडे झटकायचे असतात. चाळीस वर्षांत बुवांनी ते कधी केलं नव्हतं. घरी आल्यावर बायको दारातच झाडू घेऊन उभी असायची, तिच्यावर ते काम सोडलेलं होतं. कपची आठ-दहा दिवस तिच्या पायात होती आणि ती तिच्यावर भार देऊन भांडी घासत होती, पाणी भरत होती.

‘काय होतं?’ तिने विचारलं.

‘काच,’ बुवा म्हणाले आणि कपची खिशात टाकली.

आठवड्याने अंगठा काळा पडला. इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, भराभर बोलायची, पण माणूस चांगली. तिने सांगितलं, बोट काढावं लागेल. पायाकडे रक्त नीट पोचत नाही, विष वर चढतंय. ‘काका, आम्ही काय करतो, खराब झालेलं काढत जातो. खाली स्वच्छ, लाल भाग लागला की तिथे थांबतो. तो लागतोच बहुतेक.’

बुवांना हे इतकं ओळखीचं वाटलं, की त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी मान डोलावली. पाच हजार वेळा त्यांनी हेच केलं होतं. वरचा पदर खराब आहे, खालचा चांगला असणार. कागदावर नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी सही केली. बायको शेजारच्याच खोलीत होती, तापाने जराशी गुंगीत, पण जागी होती. दार उघडं होतं. तिला जाऊन विचारावं असं त्यांच्या मनात आलंच नाही. घाबरेल उगाच, एवढंच त्यांना वाटलं.

बोट गेलं. नवव्या दिवशी जखमेची कड पुन्हा काळी दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी पायाच्या चित्रावर पेनाने रेघ मारली, चवड्याच्या मागून. बुवांनी विचारलं, ‘तिथे स्वच्छ लागेल?’ ती म्हणाली, ‘लागायला हवं.’ बुवांनी सही केली. बायको तेव्हा झोपली होती. ती उठेपर्यंत थांबता आलं असतं, अर्ध्या तासाचाच प्रश्न होता. पण पाय वाचवायचा म्हणजे उशीर नको, असं नर्स म्हणाली, आणि बुवा आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आलेले होते.

पैलूवाला भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारून पाहिल्या, जमल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘बुवा, कशाने झालं हो हे?’ खिशात बुवांच्या बोटांना कपची लागली. ते म्हणाले, ‘काच लागली.’ पैलूवाल्याचं तोंड उतरलेलं होतं. त्याला सांगितलं असतं तर तो धाय मोकलून रडला असता आणि सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं असतं. पण बुवा गप्प राहिले ते त्याची दया येऊन नव्हे. कपडे झटकायचे होते ते कोणी, हे त्यांना ठाऊक होतं.

अर्ध्या पावलाची जखमही भरली नाही. एका दुपारी बायकोला बरीच हुशारी वाटत होती. तिने उशी मागे ओढून घेतली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘बसा इथे. डॉक्टर तुम्हाला काय म्हणाल्या?’

बुवा चाचरले. ‘काही नाही. बघू म्हणाल्या.’

‘गुडघ्याखालून म्हणाल्या. मला ऐकू येतं. पायाला कळत नसलं तरी कानाला कळतं.’ तिने चादर सारखी केली. ‘ऐका. पुरे आता. आहे तेवढी राहू द्या मला. जे व्हायचं ते होऊ दे, पण तुकड्यातुकड्याने नको.’

‘बरं.’

‘बरं नको. चाकू डबीत ठेवला म्हणा.’

इतक्या वर्षांत तिने त्यांच्या कामातला शब्द कधी वापरला नव्हता. ‘ठेवला,’ बुवा म्हणाले.

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. अंगठीचा खिळा त्यांना टोचला, पण त्यांनी हात हलवला नाही. घरी जाताना त्यांना कित्येक दिवसांनी शांत वाटलं. वाईट होतं ते होतंच, पण मालक बोलला होता. आता आपल्याला काही ठरवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोचले, तर ती ओळखतही नव्हती. ताप डोक्यात गेला होता. डोळे उघडे, पण नजर भलतीकडे. डॉक्टरीणबाई कागद घेऊनच उभी होती. ‘काका, लगेच करायला हवं. नाही केलं तर दोन दिवस, फार तर तीन.’

‘ती नको म्हणालीय.’

‘कधी?’

‘काल.’

‘काल परिस्थिती वेगळी होती. आज त्या सांगू शकत नाहीत. तुम्ही सांगायचं. केलं तर आशा आहे. मी खोटं बोलणार नाही, खूप नाही, पण आहे.’

बुवांना नियम तोंडपाठ होता. एकदा पुरे म्हटल्यावर मालक उठून गेला, मेला, वेडा झाला, तरी चाकू बाहेर काढायचा नाही. त्यांनी ते मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. पण आशा हा शब्द कानात गेला होता. खाली स्वच्छ पदर असेल. गुडघ्याखाली नक्की असेल, आजवर इतका डाग आत गेलेला कुठे असतो? आणि दोन दिवसांनी ही नसेल. ही नसेल ह्यापुढे त्यांचं डोकं चालेना. भांडी कोण कुठे ठेवतं हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी तिच्यासाठी सही केलीच नाही, स्वतःसाठी केली. तेवढं त्यांना सही करतानाही कळत होतं.

ती वाचली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ती शुद्धीवर आली. चादरीकडे न बघताच तिने विचारलं, ‘कुठपर्यंत?’

बुवांनी स्वतःच्या पायावर, गुडघ्याच्या खाली चार बोटांवर हात ठेवून दाखवलं. तिने त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

पाच दिवस ती कामापुरतं बोलली. पाणी. उशी. पडदा ओढा. बुवा जवळ बसून राहायचे. माफी मागायला तोंड उघडायचे आणि नर्सने काय सांगितलं ते बोलायचे. सहाव्या दिवशी अंगठीचा खिळा पांघरुणाच्या लोकरीत अडकला. ती सोडवायला लागली, बोटांत ताकद नव्हती. बुवा पुढे झाले. आयुष्य बारीक कामात गेलेलं, त्यांनी एकेक धागा सोडवला.

‘मी तेव्हाही पुरे म्हणाले होते,’ ती म्हणाली.

‘हो गं. मी तुला शब्द दिला होता. पण तू शुद्धीत नव्हतीस, आणि त्या म्हणाल्या...’

‘पायाचं नाही म्हणत मी. मोत्याचं म्हणतेय.’

बुवांनी हात मागे घेतला. ‘मोत्याचं तर तू माझ्यावर सोडलं होतंस. तुम्हाला कळतं त्यात, म्हणाली होतीस.’

‘म्हणाले. शेवटी म्हणाले, तो मोहरीएवढा झाल्यावर. तेव्हा आणखी काय म्हणणार?’ तिचा आवाज साधा होता, चिडलेला नव्हता. ‘दुसरा पदर काढलात तेव्हा तुम्ही मोती माझ्या हातावर ठेवलात. विचारलंत, पुरे? मी म्हणाले, पुरे, छान दिसतोय, ठिपका असू दे, आईच्या वेळेपासून आहे तो. तुम्ही म्हणालात, एकच. आणि घेतलात हातावरचा उचलून. तिसऱ्यानंतर तर विचारलंही नाहीत. मी आपणहून म्हणाले, पुरे ना आता. तुम्ही मान वर केली नाहीत.’

बुवा म्हणणार होते, असं नाही झालं. पण त्यांना खिडकी दिसली. तिचा पुढे केलेला तळहात दिसला, त्यावेळी तो कामाने रापलेला नव्हता. ‘ठिपका असू दे’ हे शब्द ऐकू आले, तिच्याच आवाजात, लाजत म्हटलेले. नवी नवरी होती. आणि आपला आवाज, कौतुकाने फुगलेला: एकच, बघ कसा निघतो खालून. चाळीस वर्षं ही गोष्ट त्यांनी शंभर माणसांना सांगितली होती आणि दरवेळी तेवढाच भाग सोलून काढला होता.

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘लोकांसमोर सांगायचात तेव्हा तुम्ही हसत असायचात,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, एक मोतीच तर आहे.’

त्यानंतर ती कोणाशीच विशेष काही बोलली नाही.

बाहेर बाकावर बसून बुवांनी खिशातली चिठ्ठी काढली. घडीवर मळली होती. ‘मालकाच्या परवानगीने’ हे दोन शब्द त्यांनी पेनाने खोडले. मग पुन्हा वाचून पाहिलं. पैलूवाला म्हणत होता तशीच आता ती ओळ बरोबर होती. त्यांनी चिठ्ठी कपचीजवळ ठेवून दिली. रडू येईल असं त्यांना वाटत होतं, पण तेही आलं नाही. नुसती स्वतःची किळस आली, आणि ती जाईना.

अकराव्या दिवशी गुडघ्याखालची जखम काळवंडली. डॉक्टरीणबाई ह्या वेळी भराभर बोलली नाही. मांडीतून, ती म्हणाली, आणि कागद पुढे केला. आशा हा शब्द तिने उच्चारला नाही. बुवांनीही विचारला नाही.

‘मी तिला विचारतो,’ बुवा म्हणाले.

‘काका, त्यांना काही कळत नाहीये आता. सकाळपासून प्रतिसाद नाही.’

‘मी विचारतो.’

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ती बाजूला झाली. म्हणाली, फार वेळ नाहीये.

खोलीत दुपारचा उजेड होता. खिडकी उत्तरेची असावी, कारण पलंगावर ऊन नव्हतं, नुसता सारखा, थंड उजेड. मोत्याला असाच लागतो. बुवांनी स्टूल ओढून घेतलं, चष्मा पुसला. तिचा हात चादरीवर उताणा पडला होता, बोटं जराशी मिटलेली. ती त्यांनी हलकेच उघडली. कागद तिच्या तळहातावर ठेवला. पेन काढलं, टोपण लावलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवून डबी मिटली.

‘पुरे?’ त्यांनी विचारलं.

ती श्वास घेत होती. मध्ये थांबत होती, पुन्हा घेत होती. ओठ कोरडे पडले होते. बुवांनी कापसाने ते ओले केले आणि पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला विचारायचे तसंच, घाई न करता, तुमचं आहे, तुम्ही सांगा अशा सुरात विचारलं. पहिलं बोट काढायच्या दिवशी त्यांनी हे विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. अर्ध्या पावलाच्या दिवशीही दिलं असतं. मोत्याच्या दिवशी तर दिलंच होतं.

त्यांनी हात मांडीवर ठेवले. मालक बोलेपर्यंत थांबायचं. त्या म्हातारीसाठी ते सबंध दुपार थांबले होते, आणि ती तर परकी बाई होती. डॉक्टरीणबाई दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने कागद परत मागितला नाही. खिडकीतला उजेड भिंतीवरून हळूहळू ओसरत गेला आणि कपाटाच्या कडेपाशी फिका पडला.

तिन्हीसांजेच्या आत नर्स आली. तिने मनगट धरून बघितलं, बराच वेळ धरलं, मग कागद तळहातावरून उचलायला गेली. बुवांनी तिचा हात अडवला.

‘काका,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘उठा आता.’

‘थांबा जरा,’ बुवा म्हणाले. ‘तिचं उत्तर यायचंय.’